पडत्या फांदीची आज्ञा

आमच्या वाड्याच्या अंगणात जो रायवळ आंबा उभा आहे तो कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न गेल्या वैशाखापर्यंत कोणाही सुज्ञ माणसाने उपस्थित केला नसता. कारण दरवर्षी चैत्र सरता सरता आमचे घरमालक हाती वही घेऊन त्या झाडाखाली उभे राहत, फांदीफांदीवरील कैऱ्यांची मोजदाद करीत, आणि वाऱ्याने गळालेली एखादी कैरी आमच्या कुटुंबाने पदराआड नेल्याचा नुसता संशय आला तरी "मास्तर, झाड आमच्या आजोबांनी लावलेलं आहे," हे एकच वाक्य अशा काही स्वरात उच्चारीत, की त्यातून मालकीहक्क, वंशपरंपरा, वहिवाट आणि फौजदारीची धमकी या चारही गोष्टी समयावच्छेदेकरून प्रकट होत. आम्ही भाडेकरू, तेही पागडीचे. दरमहा अठ्ठेचाळीस रुपये भाडे देणाऱ्या माणसाने कोणाच्या आजोबांविषयी शंका घ्यावी हे शोभत नाही. सबब झाड मालकांचे, सावली मालकांची, आणि त्या सावलीत स्कूटर उभी करण्याबद्दल दरमहा शंभर रुपये, ज्यांची पावती कधी मिळत नाही, तेही मालकांचेच.

वैशाख वद्यात, रोहिणी लागण्यास दोन दिवस अवकाश असता, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास जो वळीव आला, त्याने या निर्वेध मालकीचा पायाच उखडला. पंचांगकर्ते प्रत्येक पर्जन्यनक्षत्रास हत्ती, बेडूक, मेंढा, गाढव असे एखादे वाहन नेमून देतात. रोहिणीस त्या खेपेस कोणते वाहन लाभले होते ते आम्ही पाहून ठेवले नव्हते, परंतु आमचे वाहन तिने येण्यापूर्वीच नेले, एवढे खरे. माणसाच्या कमरेएवढी जाड अशी एक फांदी प्रथम आमच्या पडवीच्या पत्र्यांवर, तेथून तिखटमीठ लावून ठेवलेल्या कैऱ्यांच्या बरणीवर (कैऱ्या मंडईतून विकत आणलेल्या होत्या, याची नोंद असावी), आणि अखेरीस, आरंभापासून तिचे ईप्सित तेच असावे अशा निर्धाराने, खाली उभ्या असलेल्या स्कूटरवर येऊन विसावली.

आवाज ऐकून मालक सज्जात आले. त्यांनी फांदी पाहिली, पत्रे पाहिले, स्कूटरचे जे काही दिसत होते ते पाहिले, आणि दोन्ही हात आकाशाकडे जोडून म्हणाले, "देवाची करणी, मास्तर! तिथं तुमचं-आमचं काय चालतं?"

स्थावर मालमत्तेचे हस्तांतरण इतक्या अल्पावधीत झालेले आम्ही आजवर पाहिले नव्हते. मुद्रांक शुल्क नाही, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा नाही, साक्षीदार नाहीत, आणि तरीही पाच वाजून एकोणतीस मिनिटांपर्यंत जे झाड आजोबांचे होते, ते साडेपाचला परमेश्वराच्या नावे चढले. ज्या देवास या वाड्यात देव्हाऱ्यापलीकडे चौरस फूटभर जागा कोणी कधी दिली नव्हती, त्यास एकाएकी चाळीस फुटांचा वृक्ष आणि त्याजवरील समस्त दायित्वे बहाल झाली.

देवाच्या करणीचे हे शास्त्र मालकांनी स्वतः शोधून काढले असे मात्र कोणी समजू नये. ते विलायती आहे, आणि तेथील न्यायमूर्तींनी ते मोठ्या गांभीर्याने घडविलेले आहे. इंग्लंडातील एका जमीनदारीत ओढा अडवून शोभेची तळी केलेली होती. अपूर्व अतिवृष्टीने त्यांचे बांध फुटले, खालच्या अंगाचे सार्वजनिक पूल वाहून गेले, आणि 1876 साली वरिष्ठ न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, असला पाऊस कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नसल्यामुळे तो देवाचा, व सबब पुलांचा खर्च तळ्याच्या मालकावर बसत नाही. तथापि या शास्त्रात एक अडचणीचे कलम आहे, आणि मालकांच्या ध्यानी ते आले नसावे. ते असे की, देवाची करणी ठरण्यास ती गोष्ट माणसाच्या अंदाजाबाहेरची असावी लागते. वळीव दरवर्षी येतो. तो येणार हे शेतकऱ्यास, पापड वाळत घालणाऱ्या बायकांस आणि गच्चीवर गाद्या टाकणाऱ्या पोरांस ठाऊक असते. ज्याची वाट संपूर्ण महाराष्ट्र दोन महिने पाहतो त्या पावसास अनपेक्षित म्हणणे हा पंचांगाचा तर अपमान आहेच, पण देवाविरुद्ध खोटी फिर्याद दाखल करण्याचाही तो प्रकार होय.

माडीवर एक गृहस्थ राहतात. त्यांनी तरुणपणी वकिलीची सनद घेतली, पण आयुष्य बँकेच्या नोकरीत काढले, आणि त्यामुळे कायद्यावरील त्यांची श्रद्धा आजही अबाधित आहे. आम्ही आमची कैफियत त्यांच्यापुढे मांडली तेव्हा त्यांनी देवास बाजूस सारले आणि म्हणाले, "मास्तर, प्रश्न देवाचा नाही. मालकांना ठाऊक होतं का, हा प्रश्न आहे." मग त्यांनी आम्हास दोन विलायती झाडांची कथा सांगितली. पहिले बीच जातीचे. त्याची फांदी रस्त्यावर झुकलेली होती, ती एके दिवशी निष्कारण मोडून जात्या प्रवासी मोटारीवर पडली, आणि 1926 साली न्यायालयाने ठरविले की, फांदीतील दोष बाहेरून दिसण्याजोगा नव्हता, सबब झाडाच्या धन्याकडे बोट दाखविता येत नाही. दुसरे एल्मचे, शंभरी उलटून गेलेले. ते लंडनमध्ये समूळ उन्मळून मोटारीवर कोसळले, प्रकरण थेट उमरावांच्या सभागृहापर्यंत गेले, आणि तेथेही धन्याची सुटका झाली, कारण वरवर पाहता वृक्ष निरोगी भासत होता. दिसण्याजोगा दोष असता आणि शहाण्या माणसाने तो पाहिला असता, तर गोष्ट निराळी.

या दोन निवाड्यांचे आम्ही रात्रभर मनन केले. विद्वान न्यायमूर्तींचा हेतू निर्मळ असेल यात संदेह नाही. परंतु आमच्या मालकांसारख्या व्यवहारी पुरुषाने त्यातून जे सार काढले ते असे, की ज्ञान हे दायित्वाचे मूळ असून अज्ञान हीच झाडाच्या धन्याची खरी विमापत्रिका होय. आणि तिचा हप्ता एवढाच की, माणसाने वर पाहू नये. मालक चैत्रात वर पाहत ते केवळ कैऱ्यांपुरते. देठ दिसत, फळ दिसे, फळावरील पक्ष्याची चोच दिसे. ज्या फांदीला ते फळ लागे तिच्या बुंध्याशी भिरुडाने पाडलेले भोक, त्यातून रोज गळणारा भुसा, आणि त्याखाली पावसाळ्यात उगवून वाळलेले कानाच्या आकाराचे भूछत्र मात्र दिसत नसे. दृष्टीची एवढी निवडक तीक्ष्णता आम्ही पूर्वी केवळ परीक्षेतील पर्यवेक्षकांत पाहिली आहे.

आता कोणी म्हणेल, तुम्हास भुसा दिसत होता तर तुम्ही सांगितले का नाही. सांगितले, तीनदा सांगितले, आणि तिन्ही वेळा आजोबांचा दाखला मिळाला. लेखी का दिले नाही, हा माडीवरच्या गृहस्थांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शोधू जाता आम्ही अशा एका पेचात सापडलो की ज्याची तुलना अडकित्त्यातील सुपारीशीच करता येईल. लेखी दिले नाही, म्हणून मालकांस सूचना नव्हती, व सूचना नव्हती म्हणून ते निर्दोष. बरे, लेखी दिले असते तर? तर मालकांच्या वकिलाने तोच कागद आमच्या नाकासमोर नाचवून विचारले असते की, मास्तर, फांदी पोकळ आहे हे आपणांस इतक्या इत्थंभूतपणे माहीत होते, तर आपण स्कूटर तिच्याच खाली उभी करण्याचा हट्ट का धरला. जाणूनबुजून संकट पत्करणाऱ्यास कायदा भरपाई देत नाही, हे एका शिक्षकास ठाऊक असू नये काय? तात्पर्य, न सांगणारा भाडेकरू गाफील, आणि सांगणारा भाडेकरू धाडसी. दोहोंच्या मधोमध जो शहाणा भाडेकरू कायद्यास अभिप्रेत आहे, तो बहुधा स्कूटर डोक्यावर घेऊन झोपत असावा.

एक मुद्दा मात्र आमच्या बाजूचा होता व तो आम्ही सोडणार नव्हतो. तीन वर्षांपूर्वी मालकांनी अंगण स्वच्छ दिसावे, आणि दरमहा शंभर रुपयांच्या आणखी चार स्कूटरी मावाव्यात म्हणून, सिमेंटच्या ठोकळ्यांची फरसबंदी थेट खोडास भिडविली. मुळांना पाणी नाही, हवा नाही, आणि ठोकळे समतळ बसावेत म्हणून दोन जाड मुळ्या गवंड्याने पहारीने तोडल्या, त्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. त्याआधी विजेच्या तारांस लागतात म्हणून रस्त्याकडील फांद्या कोणी छाटून नेल्या होत्या, आणि उरलेला सारा भार पडवीच्या अंगास झुकला होता. दिल्लीत हरित लवादाने 2013 सालीच झाडांभोवतीचे काँक्रीट काढून एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा हुकूम दिलेला आहे. हे आम्ही मालकांच्या कानी घातले. ते म्हणाले, "दिल्ली लांब आहे, मास्तर."

दिल्ली लांब आहे खरी, पण तेथील एक फांदी आम्हास फार जवळची वाटते. 1964 सालच्या ऑगस्टात स्कूटरवरून जाणाऱ्या एका तरुण व्यापाऱ्याच्या मस्तकावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी कोसळली व त्यात त्याचा अंत झाला. झाड महानगरपालिकेचे होते. रस्त्याकडेची झाडे वेळोवेळी तपासणे हे तिचे कर्तव्य होते. तिने ते केले नाही, म्हणून भरपाईची जबाबदारी तिची, असे सर्वोच्च न्यायालयाने कायम केले 1999 साली. फांदी पडावयास एक क्षण लागला, निकाल पडावयास पस्तीस वर्षे. या निवाड्याने जे तत्त्व प्रस्थापित झाले त्याबद्दल आम्हास नितांत आदर आहे, परंतु आमचे वय पाहता आम्ही माडीवरच्या गृहस्थांस एवढेच विचारले की, याहून लहान पल्ल्याचे एखादे कलम नाही काय.

ते होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 14. इमारत राहण्याजोगी सुस्थितीत ठेवणे हे घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने कुचराई केल्यास भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, आणि तरीही काही न घडल्यास दुरुस्ती स्वतः करवून तो खर्च भाड्यातून वळता करावा. हे ऐकून आमच्या कुटुंबाने देवापुढे साखर ठेवली. ती मुंग्यांनी नेण्यापूर्वी गृहस्थांनी पुढचे परंतुक वाचले: एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. आमचे वार्षिक भाडे पाचशे शहात्तर रुपये. चौथा हिस्सा एकशे चव्वेचाळीस. पत्रेवाल्याने पडवीचा अंदाज सांगितला नऊ हजार. आम्ही गणिताचे शिक्षक होतो. बासष्ट वर्षे सहा महिने, हे उत्तर आम्ही तोंडी काढले. सध्या आमचे वय एकाहत्तर असल्याने, एकशे चौतिसाव्या वर्षी आमचा व मालकांचा हिशेब चुकता होईल असा अंदाज आहे. स्कूटरचा यात समावेश नाही, कारण स्कूटर ही इमारत नव्हे.

स्कूटरचा विमा होता. तो ज्यास तिऱ्हाइताचा विमा म्हणतात, तेवढाच होता, आणि विमा कंपनीच्या सौजन्यशील कारकुनाने आम्हास त्याचे मर्म समजावून दिले. आमच्या स्कूटरने जाऊन झाडास धडक दिली असती, तर झाड हे तिऱ्हाईत. झाडाच्या मालकास भरपाई मागता आली असती, आणि कंपनीने तिचा विचारही केला असता. परंतु झाडाने येऊन स्कूटरला धडक दिली. म्हणजे पुढाकार झाडाचा. असल्या उलट्या अपघाताची तरतूद आमच्या स्वस्त पत्रिकेत नाही. "पुढच्या खेपेस सर्वंकष घ्या," असे तो म्हणाला, आणि आम्हास क्षणभर असे वाटून गेले की, पुढच्या खेपेस आम्हीच पुढाकार घ्यावा हे बरे.

दरम्यान फांदी स्कूटरवर तशीच होती. अग्निशमन दलाचे जवान आले, रस्त्यावर आलेला शेंडा त्यांनी पाच मिनिटांत कापून दूर केला, आणि उरलेला भाग खाजगी जागेत असल्याने नमस्कार करून गेले. आम्ही उद्यान खात्याच्या कचेरीत गेलो, कारण या राज्यात 1975 सालापासून नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा अमलात असून वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाडास कुऱ्हाड लावता येत नाही. कायदा चांगला आहे, व हे आम्ही सद्भावनेने लिहितो; तो नसता तर आमच्या शहरात सावली केवळ फलकांची उरली असती. मेलेले, रोगट, जीवितास वा मालमत्तेस धोकादायक झालेले झाड तोडण्याची परवानगी नाकारली जाऊ नये, असे त्यात म्हटलेले असून याच पंक्तीत वाऱ्याने पडलेल्या झाडासही मानाने बसविले आहे. म्हणजे पडलेले झाड तोडावयासही अर्ज हवा, मात्र तो नाकारला जाणार नाही, हे आश्वासन.

बारनिशीवरील कारकुनाने अर्जाचा मुलाहिजा घेतला व विचारले, "झाड कोणाचं?"

आम्ही म्हणालो, "सध्या देवाचं आहे."

"मग मालकाची सही आणा," तो म्हणाला, आणि अर्ज परत केला. त्याचा आवाज यत्किंचितही बदलला नाही. असली उत्तरे त्याने पूर्वीही ऐकली असावीत.

सही मागावयास आम्ही गेलो, तो मालक स्वतःच कागद घेऊन बसलेले. फांदी गेली तसे झाडही जावे, आणि त्या जागी दोन मोटारींची सोय व्हावी, असा त्यांचा विचार चालला होता. पण 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक वर्षांच्या झाडास वारसा वृक्षाचा मान मिळाला आहे, आणि एक झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचा दंडकही घालून दिलेला आहे. आजोबांनी लावलेले झाड म्हणजे हिशेबाने नव्वदीचे, म्हणजे नव्वद रोपे! मालकांनी चष्मा पुसला, अर्जाच्या रकान्यात काहीसे खोडले, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या वृक्षाचे वय अठ्ठेचाळीस झाले. आजोबांच्या हातचे रोप कायद्याच्या एका कलमासरशी मालकांच्या हाती आले. पूर्वजांविषयी इतका आदर बाळगणाऱ्या कुलात आजोबांना एवढ्या सहज सेवानिवृत्त झालेले पाहून आम्हास खरोखर गहिवरून आले.

आमच्या अर्जावर मालकांची सही झाली, कारण दुसऱ्याच सकाळी, ठीक नऊ वाजता, वखारवाला आला होता. आंब्याचे लाकूड, तेही एवढ्या जाडीचे, पेट्यांच्या फळ्यांस बरे पडते. त्याने भाव सांगितला, मालकांनी वाढवून मागितला, आणि दर ठरताच परमेश्वराची मालकी संपुष्टात आली. ती साडेपाचपासून नऊपर्यंत, म्हणजे साडेपंधरा तास टिकली. फांदीवरील कैऱ्या मालकांनी वहीत टिपून उतरवून घेतल्या. त्यांतील दोन स्कूटरच्या सुट्या झालेल्या दिव्याच्या काचेत सापडल्या, त्याही.

माडीवरच्या गृहस्थांनी शेवटी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम काढला. त्याच्या कलम 108 मध्ये एके ठिकाणी भाडेकरूने इमारती लाकडाची झाडे तोडू वा विकू नयेत अशी मनाई आहे, त्यामुळे वखारवाल्यापुढे आमची वाचा आपोआप बंद झाली. आणि दुसऱ्या ठिकाणी असे आहे की, आग, वादळ, महापूर, सैन्याचा वा जमावाचा हिंसाचार यांपैकी कशानेही जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला वा कायमचा निरुपयोगी ठरला, तर भाडेपट्टा रद्द करण्याची मुभा भाडेकरूस आहे. भरपाई नव्हे, मुभा. बिऱ्हाड उचलून चालते होण्याची मुभा. हे वाक्य मालकांनी सज्जातून ऐकले, आणि त्यांच्या मुद्रेवर जे सात्त्विक तेज पसरले ते आम्ही त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या दिवशीही पाहिले नव्हते. जे काम तीन पिढ्यांच्या नोटिसांनी झाले नाही ते एका रायवळाच्या दुसऱ्या फांदीने व्हावे, अशी काहीशी प्रार्थना तेव्हापासून वाड्यात नित्य सकाळी होत असावी. उदबत्तीचा वास पूर्वीपेक्षा अधिक येतो.

पत्रे आम्ही स्वखर्चाने घातले. स्कूटर भंगारवाल्याने नेली. झाड तोडण्याचा अर्ज मालकांनी मागे घेतला, कारण अठ्ठेचाळीस रोपांसही जागा लागते. आता आमच्या मोकळ्या झालेल्या जागी मालकांच्या चिरंजिवांची नवी मोटार उभी असते. पांढरी आहे, आणि तिच्या टपावर अजून हार आहे.

परवा सकाळी आम्ही पडवीत दाढी करीत असता आरशात आंब्याची दुसरी फांदी दिसली. तिच्या बेचक्यात भोक आहे. भोकाखाली कानाच्या आकाराचे एक भूछत्र आहे, आणि मोटारीच्या पांढऱ्या टपावर, हाराच्या अलीकडे, चिमूटभर ताजा भुसा पडला होता.

मालक सज्जातून म्हणाले, "मास्तर, तुमची नजर अजून चांगली आहे. वर काही दिसतं का हो?"

"मानेचं दुखणं आहे, मालक," आम्ही म्हणालो. "हल्ली वर बघवत नाही."

मालकांनी सहानुभूतीने मान हलविली, आणि चिरंजिवांस गाडी आणखी दोन हात आत घ्यावयास सांगितले. रस्त्यावरची धूळ बसते म्हणून.